टोपली नु पनीर: दोन ठिकाणांहून आणलं, त्याबद्दल

आधीच सांगून टाकते, मुंबईत ज्यांच्या ओळखीत एखादं पारशी घर आहे आणि त्या घरात अजून टोपली नु पनीर होतंय त्यांनी वेळ घालवू नका, मागवा. दोन दिवस आधी सांगावं लागतं, आपला डबा आपण न्यावा लागतो, जाऊन आणावं लागतं, तरी मागवा. मी गेल्या महिन्यात दोन ठिकाणचं खाल्लं, एक दुकानातलं आणि एक घरगुती, दोन्हीचं नाव अगदी सेम, आणि दोन्ही पदार्थ इतके वेगळे की हे लिहायला बसले.

ज्यांनी कधी बघितलंच नाहीये त्यांच्यासाठी. साधारण छोट्या वाटीएवढा पांढराशुभ्र गोळा असतो, वरून जरा चपटा, सगळ्या अंगावर टोपलीच्या विणीचे ठसे, आणि तो खारट पाण्यात बुडवून ठेवलेला असतो. चमच्यावर घेतला की थरथरतो. पनीर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पालक पनीरातले ते चौकोनी तुकडे येतात ना, ते पूर्ण बाजूला ठेवा. याच्या जवळात जवळचं आपल्याकडे काय असेल तर खरवस. तोच लुसलुशीतपणा, तसाच सुरी घातल्यावर सरळ कापला जाणारा पण जिभेवर ठेवला की विरघळल्यासारखा होणारा, फक्त गूळ नाही, वेलची नाही, दुधाची चव आणि मीठ, बस्स. मी पहिल्यांदा खाल्लं ते ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या मुलाच्या नवजोतला, म्हंजे पारशी मुलांच्या धर्मदीक्षेच्या समारंभाला, केळीच्या पानावर वाढलं होतं, आणि मला तेव्हा वाटलं हा खरवसाचाच खारा प्रकार आहे. नंतर कळलं की चिकाचा याच्याशी काही संबंध नाही, हे साध्या दुधाचंच आहे.

आता दुकानातलं. एका चांगल्या चकचकीत दुकानातून घेतलं, नाव लिहीत नाही. लेबलवर टोपली पनीर असं लिहिलेलं, प्लास्टिकचा डबा, आत चार नग, पाणीही होतं. दिसायला ठीक. पण ठसे बघितले तर एकसारख्या उभ्या रेघा, म्हंजे प्लास्टिकच्या जाळीदार कपात लावलेलं. तेही चाललं असतं मला, पण सुरी घातल्यावर ते कापलं गेलं नाही, चुरा झाला. दाताखाली रवाळ लागत होतं आणि मागून लिंबाची आंबटसर चव. हे नेहमीचं पनीर होतं, दूध उकळून आंबट घालून फाडलेलं, फक्त कमी दाबलेलं आणि वाटीच्या आकारात भरलेलं. खराब होतं का, तर अजिबात नाही, भुर्जीला उत्तम झालं असतं. पण नाव टोपली पनीर लावलं आणि आत दुसराच पदार्थ, हे मला खरंच लागलं. कारण ज्या माणसाने ते पहिल्यांदा खाल्लं तो म्हणणार, अच्छा, हेच का ते, एवढं काय त्यात, आणि पुन्हा आयुष्यात मागवणार नाही.

मग मैत्रिणीने ताडदेवच्या एका आंटींचा पत्ता दिला. त्या ऐंशीच्या आसपासच्या, आठवड्यातून एकदाच करतात, ओळखीच्यांनाच देतात. मी आदल्या दिवशीच जाऊन बसले कारण मला बघायचंच होतं, आणि त्यांनी बसू दिलं.

दूध म्हशीचं, तबेल्यातलं, आदल्या रात्रीचं नाही, सकाळचं. ते त्यांनी गरम केलं आणि मग बोट सोसेल इतकं कोमट होईपर्यंत थांबल्या. आपण दही लावताना थांबतो साधारण तेवढंच. त्यात मीठ, आणि मग रेनेटचे, म्हंजे दूध गोठवणाऱ्या द्रवाचे, थोडे थेंब पाण्यात कालवून. एकदा ढवळलं आणि झाकण. मी सवयीने झाकण उचलून बघायला गेले तर म्हणाल्या, डीकरी, हात लावू नको, तो झोपलाय. अर्ध्या-पाऊण तासाने पातेल्यात दूध नव्हतंच, एक अखंड वडी होती, कवडी दह्यासारखी पण त्याहून गुळगुळीत. मग मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवलेल्या छोट्या छोट्या टोपल्या काढल्या आणि पसरट पळीने त्या वडीचे पातळ पातळ काप एकावर एक टोपलीत सरकवायला सुरुवात केली. भरायचं नाही, दाबायचं नाही, नुसतं सरकवायचं. खाली ताटात पाणी ठिबकत राहतं, टोपलीतलं पनीर आपल्याच वजनाने खाली बसतं, मग थोड्या वेळाने ते तळहातावर उलटं घेऊन परत टोपलीत, म्हंजे दोन्ही बाजूंनी ठसा. शेवटी ते निघालेलं पाणी मीठ घालून गाळून घेतात आणि त्यातच रात्रभर पनीर बुडवून ठेवतात. झालं.

यात वजन नाही, फडकं नाही, उकळणं नाही. आणि इथेच दुकानातल्या मालाशी फरक पडतो. आपलं नेहमीचं पनीर गरम दुधात लिंबू, व्हिनेगर किंवा ताक घालून होतं, आंबटामुळे दुधातलं केसिन हे प्रोटीन एकदम एकमेकांना चिकटतं, उकळल्यामुळे पाण्यातली बाकीची प्रोटीन्सही त्याच्याबरोबर खाली येतात, आणि सगळ्याचे कण कण होतात. ते कण एकत्र आणायला फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवावा लागतो. म्हणूनच ते पनीर तव्यावर वितळत नाही, ग्रेव्हीत घातलं तरी चौकोनीच राहतं, पंजाबी भाजीला तेच पाहिजे. रेनेटचं काम वेगळं. ते केसिनच्या कणांवरचा बाहेरचा भाग कापतं, ज्याच्यामुळे कण एकमेकांपासून लांब राहत होते तोच निघून गेल्यावर ते शांतपणे जाळ्यासारखे जोडले जातात आणि दूध जसंच्या तसं गोठतं, आंबट न होता. म्हणून टोपलीच्या पनीरला दुधाची गोड चव राहते. घरी करून बघणाऱ्यांसाठी आंटींनी बजावून सांगितलेली एक गोष्ट, टेट्रापॅकचं दूध घेऊ नका. ते इतक्या जास्त तापमानाला गेलेलं असतं की रेनेट घातलं तरी नीट वडी धरत नाही. मी घरी येऊन मुद्दाम केलं, तीन तास वाट बघितली, पातळ जेलीसारखं काहीतरी झालं आणि टोपलीतून सगळं खाली गेलं.

शाकाहारी मंडळी विचारतीलच, आणि विचारायलाच हवं. रेनेट मुळात दूध पिणाऱ्या पिल्लाच्या पोटातून मिळतं, पिल्लाला आईचं दूध पचायला तेच लागतं. सुरतेकडे जुन्या काळी करडाच्या पोटाच्या आतल्या अस्तरापासून काढलेलं वापरायचे. आता बाजारात बुरशीपासून केलेलं मिळतं, बाटलीवर हिरवा ठिपका असतो, आंटी गेली कित्येक वर्षं तेच वापरतात आणि बाटली स्वतःहून दाखवतात. मी माझ्या सासूबाईंना ते सांगितलं तेव्हाच त्यांनी खाल्लं, आणि दुसरा नगही घेतला. तुम्ही जिथून घ्याल तिथे विचारा, यात लाजायचं काही नाही.

आता नावाचं, कारण मला खरं याच्याबद्दलच बोलायचंय. टोपली नु पनीर. टोपली हा शब्द गुजरातीतही टोपलीच आणि मराठीतही टोपलीच, त्यामुळे आपल्याला भाषांतर लागत नाही, पण म्हणूनच आपण त्या शब्दाकडे बघतही नाही. बाहेर याला सुरती पनीरही म्हणतात, सुरत हे पारशांचं मोठं जुनं गाव त्यामुळे ते नाव. पण सुरत हे नुसतं गाव सांगतं, टोपली मात्र कृती सांगते. कुणीतरी ताजं गोठलेलं दूध कसं निथळायचं हा प्रश्न टोपलीने सोडवला आणि पदार्थाला टोपलीचंच नाव पडलं.

आणि हे फक्त इथेच झालंय असं नाही हे वाचल्यावर मी तर उडालेच. मेक्सिकोत केसो पानेला नावाचं मऊ ताजं चीज असतं, त्याचं दुसरं नाव केसो दे कानास्ता, म्हंजे सरळ टोपलीचं चीज, आणि त्याच्या अंगावरही असेच विणीचे ठसे. इटलीत जुंकाता म्हणून रेनेटने गोठवलेलं ताजं चीज आहे, जुंको म्हंजे पाणथळीतलं लव्हाळं, त्या लव्हाळ्याच्या टोपलीत निथळायचे म्हणून जुंकाता. त्याच लॅटिन शब्दावरून इंग्रजीत जंकेट आला, तो आता गोड पुडिंगसारख्या पदार्थाला लावतात पण मूळ टोपलीच. फ्रेंच फ्रोमाज आणि इटालियन फोर्माजो हे चीजसाठीचे सगळ्यात नेहमीचे शब्द, ते फोर्मा म्हंजे साचा यावरून आले. म्हंजे सुरत, मेक्सिको, इटली, सगळ्यांनी पदार्थाचं नाव भांड्यावरून ठेवलं. पोलंडमध्ये सुमारे ७००० वर्षांपूर्वीची भोकं भोकं असलेली मातीची भांडी सापडली आहेत, त्यात दुधाच्या स्निग्धांशाचे अवशेष मिळाले, त्यावरून ती चीज निथळायचीच भांडी होती हे कळलं. निथळायचं भांडं हे या पदार्थात इतकं मध्यभागी आहे. म्हणून मी परत परत म्हणतेय की प्लास्टिकच्या कपातलं आंबट पनीर आणून त्याला टोपली म्हणू नका.

दुसरा अर्धा शब्द पनीर. तो फारसी, पनीर म्हंजे तिकडे कुठलंही चीज. इराणात सकाळचा नाश्ता म्हंजे नान, पनीर, अक्रोड, पुदिना-तुळशीसारखा हिरवा पाला आणि चहा, आणि ते पनीर खाऱ्या पाण्यातलं पांढरं असतं, तबरीझजवळच्या लिघवान गावाचं मेंढीच्या दुधाचं तर प्रसिद्धच आहे. तुर्कीत पेयनीर, आर्मेनियनमध्ये पनीर, अझरबैजानात पेंदीर. या सगळ्या ठिकाणी तो शब्द रेनेटवाल्या, मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या चीजलाही लागतो. म्हंजे गंमत बघा, आपण ज्याला खास पारशी प्रकार समजतो ते टोपलीचं पनीर त्या फारसी शब्दाच्या मूळ अर्थाच्या जास्त जवळ आहे, आणि जे हॉटेलात रोज खातो ते आंबटाने फाडलेलं उत्तर हिंदुस्थानी पनीर लांबचं. फाळणीनंतर पंजाबी हॉटेलं सगळीकडे गेली आणि पनीर हा शब्द त्या चौकोनी तुकड्याला कायमचा चिकटला.

मराठीत फाडलेल्या दुधाच्या चोथ्याला शब्द का नाही याचा मी बराच विचार केला. दह्याच्या बाजूला बघा आपल्याकडे किती शब्द आहेत, विरजण, कवडी, निवळी, चक्का, ताक, लोणी, बेरी, एकेक पायरीला एकेक नाव. चक्का तर स्वतःच एक ताजं चीज आहे, जर्मन लोक ज्याला क्वार्क म्हणतात आणि रशियन त्वोरोग, त्याचा हा भाऊच. पण गरम दूध फाटलं की आपल्याकडे एकच क्रियापद, नासलं. आजी नासलेल्या दुधाचा चोथा टाकायची नाही, साखर घालून कढईत आटवून आम्हाला द्यायची, आम्ही भांडून खायचो, पण नाव विचारलं तर नासलेलं दूध, आणि पाणी म्हंजे नासकवणी. बंगालात त्याच पदार्थाला छाना म्हणतात, त्याच्यावर सगळी मिठाई उभी आहे, रसगुल्ल्यावरून बंगाल आणि ओडिशाचं इतकं चाललं की २०१७ मध्ये बांगलार रसोगोल्लाला आणि २०१९ मध्ये ओडिशा रसगोलाला वेगवेगळं जीआय म्हंजे भौगोलिक ओळखीचं मानांकन मिळालं. एका बाजूला जीआय आणि आपल्याकडे नासकवणी.

बरं, आपल्या भागात दूध फाडणं कुणाला माहीतच नव्हतं असंही नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, राजधानी कल्याणी म्हंजे आत्ताचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, त्याच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लास ग्रंथात दूध आंबट घालून फाडायचं, कापडातून गाळायचं आणि त्याची तळून मिठाई करायची हे दिलंय. मराठी वाचकांना हा ग्रंथ महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात या उल्लेखासाठी माहीत असतो, मलाही तेवढाच माहीत होता. ओवी लक्षात राहिली, फाडलेल्या दुधाची मिठाई आपण विसरलो.

चवीचं आणि व्यवहाराचं आता. बारा नग घेतले, ५० रुपये एक. दुकानातले चार नग नगामागे याच्या दुपटीने पडले होते. आंटींचा दर मला कमीच वाटतो, म्हशीचं एवढं दूध, एक अख्खा दिवस, आणि टोपल्या. टोपल्यांचं तर स्वतंत्र प्रकरण आहे. एवढ्या लहान आणि घट्ट विणीच्या टोपल्या हल्ली करून मिळत नाहीत, त्यांच्याकडच्या काही टोपल्या त्यांच्या सासूच्या वेळच्या आहेत, काळ्या पडलेल्या पण स्वच्छ, आणि नव्या त्या एका बुरुडाकडून मुद्दाम मापाने करून घेतात. प्रत्येक वेळी गरम पाण्याने धुवायच्या, ब्रशने खाचा साफ करायच्या, कडक उन्हात वाळवायच्या, साबण बिलकुल नाही कारण वास बसतो. जरा ओलसर राहिली की बुरशी आणि ती टोपली गेली. प्लास्टिक का आलं ते यातून समजतं, मी दुकानदारांना त्यासाठी दोष देत नाही, नावासाठी देते.

पहिल्या दिवशी खाल्लं तेव्हा मीठ जरा पुढे वाटलं. दुसऱ्या दिवशी मीठ आतपर्यंत मुरून सगळीकडे सारखं झालं आणि तेव्हा खरी मजा आली. तिसऱ्या दिवशी थोडं घट्ट झालेलं, चव चांगलीच पण ती थरथर कमी. चौथ्या दिवसावर नेऊ नका. फ्रीजमध्ये ठेवायचं ते त्याच्या पाण्यातच, पाणी फेकून कोरडं ठेवलं तर कडा सुकतात.

खायचं कसं, तर काही करू नका. आंटी म्हणतात थोडी मिरपूड आणि ब्रेड, संपलं. मी इराण्याकडचा ब्रून पाव आणून गरम करून त्यावर अख्खा नग दाबून पसरला, वर मिरपूड, सोबत पाणी कम चहा, आणि माझ्या मते यापुढे काही जायला नको. भाजीत घालू नका, फुटेल. माझ्या मुलीने मोदकाच्या सारणात घालू का विचारलं, तिला हात जोडले. नवऱ्याने मात्र नाचणीच्या भाकरीचा गरम तुकडा आणि वर हे असं खाल्लं आणि ते अनपेक्षितपणे फार छान लागलं, खाली लसणाची चटणी लावली तर अजून. उरलेलं खारं पाणी ओतू नका, थालीपिठाचं पीठ त्यात भिजवा, वेगळं मीठ लागत नाही आणि थालीपीठ मऊ राहतं.

तक्रार एकच, आणि ती आंटींच्या मालाबद्दल आहे म्हणून सांगायलाच हवी. बारातल्या दोन नगांना मधे भेग होती, उचलताना फुटले. त्यांना फोनवर सांगितलं तर त्यांनी लगेच मान्य केलं, उलटताना घाई झाली म्हणाल्या, पुढच्या वेळी दोन जास्त देईन. चवीत काही फरक नव्हता. पाहुण्यांना अख्खे वाढायचे असतील तर दोन-तीन जास्त धरून सांगा.

अजून एक गोष्ट जी मला बोलून टाकायचीय. हॉटेलात आणि डेअरीत हल्ली वनस्पती तेलाचं अॅनालॉग, म्हंजे पनीरची नक्कल, पनीर म्हणून खपवलं जातं. आपल्या कायद्यात पनीर या शब्दाला व्याख्या आहे, कोरड्या भागात निदान ५० टक्के दुधाचा स्निग्धांश असायला हवा, लो फॅट असेल तर तसं लिहायला लागतं, आणि तेलाचं असेल तर पनीर म्हणून विकताच येत नाही. पनीर या शब्दाला निदान एवढं तरी संरक्षण आहे. टोपलीला ते नाही. टोपलीचं रक्षण फक्त खाणारा करू शकतो, घेताना उलटं करून ठसे बघून. खऱ्या टोपलीचे ठसे कधी एकसारखे नसतात, एक काडी जाड एक बारीक, कुठे गाठ, तळाला विणीचं फूल. माझ्या बारातल्या एकाही नगाचं फूल दुसऱ्यासारखं नव्हतं.

आंटींचा नंबर इथे टाकणार नाही, त्यांना आठवड्याला जमतं तेवढंच जमतं. पण दादर पारशी कॉलनी, ग्रँट रोड, ताडदेव, कुलाबा, भायखळा या भागात जुनी बागं, म्हंजे पारशी वसाहती, आहेत तिथे एखादं ओळखीचं घर असेल तर विचारा, बऱ्याचदा कुणीतरी करत असतं. जाताना स्टीलचा खोलगट डबा न्या, घट्ट झाकणाचा, आणि टॅक्सीत मांडीवर धरून बसा. मी पुढच्या शनिवारसाठी अठरा सांगितलेत, सहा सासूबाईंचे.